दिशा पडली

१

आमच्या काइफंगमध्ये डावं-उजवं कुणी करत नाही. शब्द माहीत आहेत, पण लागत नाहीत. आमच्याकडे मीठ टेबलाच्या पश्चिमेला असतं, भिंतीवरचं कॅलेंडर पूर्वेकडे कललेलं असतं, आणि पांघरूण ओढणाऱ्या नवऱ्याला बायको म्हणते, जरा उत्तरेला सरका. दाताच्या डॉक्टरनं एकदा मला विचारलं होतं, दुखते ती दाढ पूर्वेची का पश्चिमेची? मी म्हटलं, तुमची खुर्ची फिरती आहे, आधी ती धरून ठेवा. बाहेरगावचे लोक हे ऐकून हसतात. हसू देत बापडे. त्यांच्याच गावात उत्तर कुठं ते त्यांना विचारलं तर खिशातून मोबाइल काढतात.

माझी आई या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. वय ऐंशीच्या पुढं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण डोळे बांधून गरागरा फिरवा, थांबल्याबरोबर उत्तर दाखवेल. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आली तेव्हा पहिलं वाक्य काय, तर "ही खाट दक्षिणेला तोंड करून कुणी ठेवली?" नर्स घाबरली बिचारी, तिला वाटलं बाई बरळतेय. मी खाट बघितली तर खरंच दक्षिणेला.

डावं-उजवं मात्र तिच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. बसमध्ये कंडक्टर म्हणाली, आजी डावीकडं बसा, तर ही मधेच उभी. मी लहानपणी शिकवायचा प्रयत्न केला होता, हा डावा हात, हा उजवा. म्हणाली, "आणि मी वळले की? मग कुठला?" तिथंच शिकवणी संपली.

आणि माझं पोट चालतं ते डाव्या-उजव्यावर. मी गाइड. हातात झेंडा, कमरेला स्पीकर, तोंडासमोर माइक. बाहेरच्या माणसांना 'वायव्येला बघा' म्हटलं तर ती माझ्याकडेच बघत बसतात. त्यातून आम्ही गाइड मंडळी लोकांकडं तोंड करून उलटं चालतो, म्हणून डावं म्हणायचं ते त्यांचं डावं, आपलं नव्हे. इतक्या वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलंय की झोपेतसुद्धा चुकायचं नाही. संध्याकाळी घरी आले की आई म्हणायची, झालं का लोकांचं डावं-उजवं करून? आता माणसात ये.

घरात आम्ही दोघीच. नवऱ्याशी माझं कधीच तुटलंय, मूलबाळ नाही.

तर एका सकाळी मी अंडी तळत होते आणि आईला विचारलं, तिळाच्या तेलाची बाटली कुठं ठेवलीस? ती म्हणाली, "टेबलाच्या खालच्या अंगाला."

मी वाकून टेबलाखाली बघितलं. काही नव्हतं. उठले तर बाटली टेबलावर, माझ्या नाकासमोर. म्हटलं, आई, ही काय वर आहे. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच वेडी. मला हसू आलं. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून मी अंडी उलटली.

२

आमचं घर रस्त्यापेक्षा खाली आहे. या गावात रस्ता दर दुरुस्तीला थोडा वर चढतो आणि घरं होती तिथंच राहतात, त्यामुळं आम्ही अंगणात उतरून येतो. पावसाळ्यात पाहुण्यांच्या आधी पाणी घरात येतं. पण मी सांगतेय तेव्हा शेवंतीचे दिवस होते, गावभर कुंड्या मांडलेल्या, आणि पाऊस पडून महिना होत आला होता.

त्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून उशिरा उठले. दाराशी आईचे काळे कापडी जोडे होते. वरपर्यंत चिखलानं भरलेले. पिवळा, मऊ, हाताला पिठासारखा लागणारा चिखल. हा चिखल आम्ही पाळण्यापासून ओळखतो. पिवळ्या नदीचा. बादलीच्या तळाशी बसतो तो.

आई आत मिरीचं दाट सूप भांड्यातून वाडग्यांत ओतत होती. वाफा येत होत्या. मी विचारलं, कुठं गेली होतीस? सूप आणायला. कुठून आणलंस? तर अगदी सहज म्हणाली, "पूर्वेला जायचं, मग जरा खाली. बोरीखालची विहीर आहे ना, तिच्या उत्तरेला. पोरी, तुला ठाऊक नाही होय?"

मला ठाऊक नव्हती. आमच्या भागात बोरीचं झाड नाही, विहीर तर मी जन्मात बघितली नाही. पण सूप चांगलं होतं. मांस मऊ शिजलेलं, मिरी अशी की कानातून वाफ निघावी. फक्त दाताखाली काहीतरी कचकचत होतं. म्हटलं, आई, रेती लागतेय गं.

"लागणारच," ती म्हणाली. "वरून गळते ना."

मी वाडगा खाली ठेवला. मग माझ्या मनानं कामाला सुरुवात केली. गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या पाइपासाठी खणलं होतं, म्हणजे आई त्यातून गेली असणार. कुणीतरी नवी गाडी लावली असणार सूपाची, उघड्यावर, रेती उडणारच. विहीर म्हणजे आईच्या लहानपणीची कुठलीतरी. सगळं कसं नीट बसलं. तरी मी चप्पल घालून तो चर बघून आले. चर होता. आतली माती राखाडी होती आणि खडखडीत कोरडी. पहाटे ओली असेल, वाळली असेल, असं मी म्हटलं. उन्हात एका सकाळीत एवढा चर वाळत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

घरी येऊन मी जोडे धुतले. ते पाणी बराच वेळ पिवळंच येत राहिलं.

३

बाओलिन माझा धाकटा भाऊ. झेंगझौला असतो, एकोणिसाव्या मजल्यावर. वाईट नाही हो. जरा घाबरट आहे, आणि त्याच्या इमारतीतले एक आजोबा मागच्या हिवाळ्यात घरातून निघून गेले ते कालव्यात सापडले, तेव्हापासून तर फारच. आईच्या बोलण्यात काहीतरी वेगळं वाटतंय, असं त्याला फोनवरच वाटलं होतं. शनिवारी संत्री घेऊन आला.

संत्री सोलता सोलता त्यानं गमतीत विचारल्यासारखं विचारलं, "आई, नदी कुठल्या बाजूला गं आपली?"

"वर," आई म्हणाली.

मी लगेच मधे पडले. म्हटलं, बरोबरच आहे, नदीचं पात्र गावाच्या छपरांपेक्षा उंच आहे, मी रोज शंभर माणसांना हेच सांगते. तो म्हणाला, "ताई, तू गाइड आहेस. तुला कशाचंही समर्थन करता येतं." मग आईकडं वळून, जरा मोठ्यानं, म्हाताऱ्यांशी बोलतात तसं, "बरं, उत्तर कुठं?"

आईनं विचारलं, "कुठली?"

त्याच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. किती आहेत, असं त्यानं हळूच विचारलं. आईनं चुलीकडं बोट केलं. "ही एक." ती बरोबर होती. मग बोट खाली आणून फरशीवर टेकवलं, आणि फरशीवर नव्हे, फरशीच्या आत कुठंतरी तिरकं काही दाखवावं तसं वळवलं. "आणि ही."

त्यानं मला अंगणात नेलं. त्याच्या घराजवळ वृद्धांसाठी एक निवास आहे, नर्स असतात, दाराला कुलूप असतं, त्यानं बोलून ठेवलं होतं. मी म्हटलं, तिला तिथं नेलंस तर मारशील. हे मी रागानं बोलले नाही, मला तसं माहीतच होतं. एकदा ती त्याच्याकडं राहायला गेली होती. लिफ्टमधून वर गेली आणि तिची दिशा पडली. आमच्याकडं असंच म्हणतात. परक्या गावात गेलं की कधीकधी अंगातली उत्तर निसटते, सूर्य भलतीकडून उगवतो, त्याला म्हणतात दिशा पडली. तरुण माणसाला दोन दिवस गंमत वाटते. आई मात्र खिडकीचे गज धरून बसली. जेवेना, झोपेना, संडासला जायलाही हात धरावा लागे. मी जाऊन घेऊन आले, तर आमच्या स्टेशनवर उतरल्याबरोबर तिनं स्वतःहून पश्चिमेला चालायला सुरुवात केली आणि रस्त्यात भूक लागली म्हणाली. त्या निवासात तिला महिनाभरही काढता आला नसता.

बाओलिनचे डोळे भरले होते. शेवटी म्हणाला, "पुढच्या रविवारी माझा एक डॉक्टर मित्र घेऊन येतो. त्याला तिनं चार दिशा नीट सांगितल्या, तर इथंच राहू दे. नाही सांगितल्या तर त्याच दिवशी नेतो. मग तू आडवी येऊ नकोस."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते? चार दिशा, आणि त्याही माझ्या आईला. इतकी सोपी परीक्षा कुणाला मिळाली नसेल, आणि मला त्या रात्री धड जेवणही गेलं नाही.

४

तो आठवडा मी आईची शिकवणी घेतली. दुपारी जेवण झालं की खाटेवर बसवायची आणि विचारायची. उत्तर? चूल. दक्षिण? दार. पूर्व, पश्चिम, सगळं धडाधड. आणि मग हात खाली जायचाच.

"चारच सांग, आई. खालचं काढू नकोस."

"आहे ते सांगू नको?"

"डॉक्टरसमोर नको."

मग लहान मुलाची समजूत काढावी तशी म्हणाली, बरं, चार. तुझ्यासाठी चार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं.

गुरुवारी दुपारी ती झोपली होती आणि मी तिच्या शेजारी पडून होते. बाहेर लख्ख ऊन. झाडण्याचा आवाज येत होता. काड्यांचा लांब खराटा असतो ना, त्याचा. सर्र, सर्र, मग खराटा आपटून झटकायचा, मग पुन्हा सर्र. मला वाटलं कुणीतरी आमचं अंगण झाडतंय. एवढी कुणाला माया आली म्हणून उठून बघितलं. अंगणात कुणी नव्हतं, आणि दारात उभं राहिल्यावर आवाज मंद झाला होता. आत आले तर पुन्हा स्पष्ट.

मी फरशीवर बसले. मग, सांगायला लाज वाटते, फरशीला कान लावला. खराटा माझ्या कानाखाली होता. फार खोल नाही. कुणीतरी मोठं अंगण झाडत होतं, नीट, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं.

आई डोळे मिटूनच म्हणाली, "पश्चिमेचा कोपरा राहिला."

आवाज थांबला. आणि मग पश्चिमेच्या भिंतीजवळ, फरशीखाली, पुन्हा सुरू झाला.

मी तशीच कान लावून राहिले. गटार असेल, गटारातून पाणी वाहताना असा आवाज होतो. दिवसभर स्पीकर लावून माझे कान गेलेत, हे तर डॉक्टरनंही सांगितलंय. शेजाऱ्यांकडं तळघर? नाही, इथं दोन हात खणलं की पाणी लागतं, तळघर कसलं? मी एकेक कारण उचलून बघितलं आणि ठेवून दिलं. गटाराला पश्चिमेचा कोपरा राहिलाय हे कळत नाही.

आई उठल्यावर मी काही विचारलं नाही. रविवार होऊन जाऊ दे, मग बघू, एवढंच मनात होतं. तिनं चार दिशा सांगाव्यात आणि माझ्याजवळ राहावं. खाली काय आहे याच्याशी मला काही घेणंदेणं नव्हतं.

५

रविवारी नेमका हांगझौच्या पर्यटकांचा गट अंगावर आला. सुट्टी मागितली, तर शेवंतीच्या दिवसांत सुट्टी कसली, असं ऐकून घ्यावं लागलं. बाओलिन दुपारी येणार होता, मी त्याआधी पोचणार होते. आईला केस विंचरून, स्वच्छ जोडे घालून, तिचा निळा कापूसभरला बिनबाह्यांचा कोट चढवून चुलीजवळ बसवलं. कुठं जाऊ नकोस म्हटलं. ती म्हणाली, कुठं जातेय मी.

आमचा शेवटचा थांबा म्हणजे पुलाचा खड्डा. मोठ्या रस्त्याच्या कडेला जुना पूल खणून काढलाय आणि त्यावर छप्पर टाकून दालन केलंय. कठड्याला टेकून खाली बघायचं. खड्ड्याच्या भिंतीत मातीचे थर कापलेले दिसतात. नदी आली, गाव बुडालं, लोकांनी त्याच गाळावर गाव बांधलं. पुन्हा आली, पुन्हा बांधलं. रस्तासुद्धा तिथल्या तिथंच. "तुम्ही आत्ता ज्या रस्त्यानं चालत आलात," मी माइकवर सांगत होते, "त्याच्याखाली तोच रस्ता आहे, आणि त्याच्याखाली पुन्हा तोच." हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की बोलताना जेवणाचा विचार करते. लोक फोटो काढत होते. मी सहज खाली बघितलं.

खाली, पुलाच्या दगडाशी, एक बाई उभी होती.

रविवारी खाली कुणी उतरत नाही. पहिल्यांदा मला वाटलं साफसफाईवाली असेल. मग तिचा निळा कोट दिसला. तसे कोट गावात हजार म्हाताऱ्या घालतात, हेही मी स्वतःला सांगितलं. तिच्या पोटऱ्यांपर्यंत ओला चिखल होता. हातात फडक्यात गुंडाळलेलं भांडं. दुसऱ्या हातानं ती भिंत चाचपत होती, परक्या घरात दिव्याचं बटण शोधावं तशी. या भिंतीपाशी जायची, थांबायची, त्या भिंतीपाशी जायची. माझ्या आईला मी असं चाचपताना फक्त एकदा पाहिलं होतं, एकोणिसाव्या मजल्यावर.

तिनं वर बघितलं. आईच होती. दालनात एवढा गोंगाट, आणि तिचा आवाज स्वयंपाकघरातून यावा तसा साधा आला.

"रुईशिया, उत्तर कुठं गं?"

आईनं मला आयुष्यात कधी दिशा विचारली नव्हती. मी सांगायला तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. आपली पाठ कुठं आहे हे जसं आपल्याला विचार न करता कळतं, तशी उत्तर मला कळते. ती नव्हती. मी या दालनात वर्षानुवर्षं उभी राहिले आहे, दार कुठल्या तोंडाचं आहे ते मला पाठ आहे, पण ते पाठ केलेलं आणि अंग यांचा मेळ बसेना. दार दक्षिणेला की उत्तरेला? रस्ता कुठल्या हाताला? माझीच दिशा पडली होती, माझ्याच गावात.

खड्ड्यातून वर यायला एक लोखंडी जिना आहे. तो मला दिसत होता. आईच्या अगदी जवळ होता, तिच्या डाव्या हाताला. चार पावलं टाकली असती तर जिन्याला हात लागला असता. मला फक्त ते सांगायचं होतं. माइक तोंडासमोर होताच, आणि सवयीनं तोंडातून निघालं,

"डावीकडे. डावीकडच्या जिन्यानं वर या."

स्पीकरमधून ते दालनभर घुमलं. हांगझौचा सगळा गट डावीकडं बघू लागला.

आईनं आपल्या हातांकडं बघितलं. आधी भांडं धरलेल्या, मग रिकाम्या. तिचा चेहरा मला नीट दिसत होता. मी काहीतरी सांगितलंय आणि ते तिच्यासाठीच आहे, एवढं तिला कळलं होतं, आणि बाकी काहीच कळलं नव्हतं. बसमध्ये मधेच उभी राहायची तशी ती उभी होती. मग माझ्यावर विश्वास ठेवून ती वळली. उजवीकडं. जिन्याला पाठ करून, पुलाच्या कमानीखाली जिथं रस्त्याच्या पोटात पुढचं खोदकाम गेलंय, त्या काळोखात. दोन पावलं निळा कोट दिसला, मग नाही.

मी "इकडं" म्हणून ओरडले. इकडं म्हणजे कुठं? पहारेकऱ्यानं माझा दंड धरला तेव्हा मी कठड्यावर अर्धी वाकलेली होते. तो म्हणाला, खाली कुणी नाही, जिन्याचं कुलूप सोमवारी उघडतं. त्यानं किल्ली दाखवली. गटातल्या एका बाईनं मला गोड गोळी दिली आणि साखर कमी झाली असेल म्हणाली.

६

झेंडा आणि गट बसच्या ड्रायव्हरच्या गळ्यात घालून मी पळत सुटले. आणि मोठ्या रस्त्यावर येऊन थांबले. घर कुठल्या बाजूला? ज्या रस्त्यावर मी चालायला शिकले त्या रस्त्यावर मला आमची गल्ली विचारावी लागली. शेंगदाण्याच्या वड्या विकणारी बाई मला ओळखते, ती हसून म्हणाली, काय गं, दिशा पडली की काय तुझी? तिनं हात केला तिकडं मी धावले.

गल्लीत बाओलिनची गाडी उभी होती. मी अंगणात उतरले तेव्हा तो हसत होता. शेजारी एक किडकिडीत माणूस चहा पीत होता, तोच डॉक्टर. आणि आत, चुलीजवळ, मी बसवलं होतं त्याच खुर्चीवर आई बसली होती. केस नीट. कोट स्वच्छ. जोडे कोरडे.

बाओलिन म्हणाला, रस्ता मोकळा मिळाला म्हणून सकाळीच पोचलो, तेव्हापासून आई इथून उठलीसुद्धा नाही. मी विचारलं, नक्की? तो म्हणाला, मग काय, तिच्यासमोरच तर बसलोय आम्ही. डॉक्टरनं चारही दिशा विचारल्या, उलटसुलट विचारल्या, खुर्ची फिरवून विचारल्या. एकही चुकली नाही. खालचं-वरचं काही काढलं नाही. "ताई, तू बरोबर होतीस," तो म्हणाला. "राहू दे तिला इथंच. मी उगाच घाबरलो."

मी त्याच्या गळ्यात पडून रडले. खरं सांगते, त्या क्षणी मला खड्डा वगैरे काही आठवत नव्हतं. आई घरात होती आणि घरातच राहणार होती. साखर कमी झाली, डोळ्यांपुढं अंधारी आली, काहीतरी भलतं दिसलं. त्या बाईची गोळी अजून माझ्या गालात होती.

ते दोघं गाडीकडं गेले. मी आत आले. आई माझ्याकडं बघून हसली.

"दमलीस. बस आणि चहा ओत. थर्मास तुझ्या डावीकडे आहे."

थर्मास होता. डावीकडेच होता. मी हात लावला आणि तो तसाच ठेवला. विचारलं, "कुठं म्हणालीस?"

"डावीकडे."

सहज म्हणाली, अडखळली नाही. मी म्हटलं, आई, हे तू कुठं शिकलीस? तेव्हा तिनं मान जरा कलती करून माझ्याकडं बघितलं.

"तूच सांगितलंस ना? डावीकडच्या जिन्यानं वर या. आले."

बाहेर गाडीचं दार लागलं. मी उभी होते आणि माझ्या डोक्यात एकावर एक विचार चढत होते, एकही धड बसत नव्हता. ती सकाळपासून इथं होती. मग मी माइकवर काय बोलले ते तिला कसं कळलं? ती तिथं होती असं धरलं, तर मग ती आईच, आणि माझ्या सांगण्यावरून वर आली, संपलं. पण माझी आई डावीकडं गेली नव्हती. माझी आई उजवीकडं वळली होती, मी डोळ्यांनी बघितलं होतं. डावीकडच्या जिन्यानं कुणीतरी वर आलं असेल, तर ते ज्याला डावं कळतं असं कुणीतरी होतं.

मी धावत बाहेर गेले. बाओलिननं काच खाली केली. "काय गं ताई?"

मला एवढंच म्हणायचं होतं, हिला घेऊन जा. पण ती आईच असली तर मी तिला मरायला पाठवत होते. आणि आई नसली, तर आई कुठं आहे म्हणून तो विचारणार, आणि मी काय दाखवणार? तो माझ्याकडं अगदी निश्चिंतपणे बघत होता. म्हटलं, काही नाही. सावकाश जा.

गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळली. कुठल्या दिशेला वळली ते मला सांगता येईना. मी तिथं एकटीच उभी होते, तेवढ्यात आतून आईच्या आवाजात हाक आली.

"जेवायला या."